दुसऱ्यांच्या घरचे अल्बम

बर्लिन, २८ नोव्हेंबर १९५८

प्रिय लतिका,

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. चकल्यांचं एवढं साग्रसंगीत वर्णन केलंस की रागाने चार दिवस उत्तरच दिलं नाही! आज हे विद्यापीठात गेलेत, खोलीत ऊब आहे, आणि तुला पुष्कळ सांगायचंय.

उन्हाळ्यापासून माझी तब्येत नरमगरम असते. भाषा येत नाही, हे दिवसभर प्रयोगशाळेत. मी आपली खिडकीत बसून राहायची. आमच्या घरमालकीण फ्राऊ लेमान साठीच्या, एकट्या. एक दिवस त्यांनी हाताला धरून मला त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी नेऊन बसवलं. टेबलभर जुने अल्बम. लढाईनंतर इथल्या बायका पडक्या घरांच्या विटा उपसायच्या, तेव्हा ढिगाऱ्यात कुणाकुणाचे फोटो सापडायचे. फ्राऊ लेमान ते घरी आणत. पुढे जुन्या बाजारातूनही घेऊ लागल्या. भिंगातून दुकानाची पाटी, चर्चचा कळस असं काहीबाही शोधायचं, त्यावरून गल्ली ओळखायची, आणि ज्याचा अल्बम त्याला द्यायचा. त्यांचा स्वतःचा घराबरोबर जळाला. तरी म्हणतात, ‘माझाही कुणीतरी असाच उचलून ठेवला असेल.’

सगळेच फोटो काही गोड नसतात. वाढदिवसाच्या केकशेजारी दंडावर नाझींची ती पट्टी बांधलेले बाप असतात, हात उंचावलेली पोरं असतात. पहिल्यांदा मी पान झटकन उलटलं, तर बाईंनी ते परत मागे केलं. मी तिथेच जर्मन शिकले बघ. आई, बाप, जावई, सैनिक, बेपत्ता. शब्द याच क्रमाने आले.

एका अल्बमवर नाव नव्हतं. एक बाई, एक लहान मुलगी, आणि टेबलावर क्रोशाचं कव्हर. अननसाची नक्षी, तुझ्या माईंनी आपल्याला शिकवली होती तीच. पण एका कोपऱ्यातला अननस उलटा पडलेला. ऑक्टोबरात एक बाई आपला अल्बम न्यायला आल्या. पानं उलटताना त्यांच्या साखरपुड्याच्या फोटोत तोच उलटा अननस! मी जवळजवळ ओरडलेच. त्या म्हणाल्या, ‘हो, हो! वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विणलं होतं, त्या दिवसापुरतं मागून आणलं होतं.’ बिननावाचा अल्बम मी पुढे केला. त्यांनी त्या बाईंना लगेच ओळखलं. बाँबहल्ल्यात त्या गेल्या. मुलीला आधीच खेड्यात पाठवलं होतं, म्हणून ती वाचली. रेनाटे तिचं नाव. आता इथल्याच स्पान्डाऊ भागात एका बेकरीत काम करते.

पुढच्या रविवारी ती आली. विशीतली मुलगी, कोट न काढताच बसली. पहिला फोटो कितीतरी वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘मला वाटायचं, आई उंच होती.’ मग पुढच्या पानावर गणवेशातला बाप आला. तिने कात्री मागितली. फ्राऊ लेमान म्हणाल्या, ‘घरी नेऊन काय हवं ते कर. माझ्या टेबलावर कुणाला कापायचं नाही.’ मुलगी रडली, चिडली, उठून दारापर्यंत गेली. परत आली आणि अख्खा अल्बम छातीशी धरून घेऊन गेली. जाताना तिने माझे दोन्ही हात धरले. बेकरीतल्या कामाने तिचे तळवे माझ्याहून खरखरीत होते.

त्या संध्याकाळी मी फ्राऊ लेमानना माझ्या आईबद्दल सांगितलं. चौथ्या वर्षी आई गेली एवढंच. दादांनी दुसरं लग्न केलं, आणि आईचा फोटो भिंतीवरून कधी उतरला ते मला कळलंही नाही. नव्या आईने मला काही कमी केलं नाही, म्हणून विचारायचीही चोरी वाटायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, ‘मग शोधलास का?’ इतकी वर्षं मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्या बाईचे उपकार मी कसे फेडणार!

म्हणून हे पत्र. तुमच्याकडे कुसुमआत्याच्या लग्नाचा मोठा फोटो आहे. त्यात माझी आई आहे असं माई एकदा म्हणाल्या होत्या, आणि मी लाजून अंगणात पळाले होते. तो फोटोग्राफरकडे नेऊन एक प्रत काढशील? मागे कोण कुठे उभं आहे ते माईंकडून लिहून घे. शेजारच्या लेकीची आई इतकी वर्षं त्यांनी काचेत जपून ठेवली, त्यांना माझा वाकून नमस्कार सांग. आणि तुला म्हणून आधी सांगते, अजून घरीही कळवलेलं नाही. मला दिवस गेलेत, डॉक्टरांनी मार्चची तारीख दिलीय. इथे तर आपलं माणूस कुणी नाही. बाळ कुणावर गेलंय, ते मला तरी सांगता यायला हवं ना!

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
सुधा