खिशातली माती

प्रिय टोबियास,

दालमासच्या थडग्याचं बांधकाम झालं. विटा ओळंब्यात आहेत. मला हे कुणी शिकवलं नाही, तरी माझा सांधा फुटलेला आजवर कुणी दाखवलेला नाही. वरची लादी मात्र घातलेली नाही. अवुओर काकू रोज विचारते, लेकाचं थडगं उघडं किती ठेवणार? मी म्हणतो, वाळूत माती फार, चाळतोय.

दफनाच्या दिवशी तू आलास ते गावाला रुचलं नाही. दालमासला ज्या बोटमालकानं संपवलं असं सगळे धरून चालतात, त्याचं वकीलपत्र तुझं, आणि प्रेत मिळालं नाही म्हणून तो सुटला. मी लोकांना सांगितलं, आरोपीला वकील हवाच, उद्या तुमच्या पोरालाही लागेल. मनापासून सांगितलं.

प्रेत नसलं की आपण त्याच्या जागी यागोच्या झाडाचं लांबट फळ पुरतो. ते मीच निवडलं होतं, दालमाससारखंच लांब, खांद्याशी जरा वाकडं. काकूनं ते दालमासच्या निळ्या शर्टात गुंडाळलं. सगळ्यांनी माती टाकली. तू मूठ भरलीस आणि तसाच उभा राहिलास. काकू म्हणाली, “काय रे वकिला, कोर्टात तोंड थांबत नाही तुझं, इथं हात का थांबला? टाक की. फळच आहे, चावत नाही.” बायका हसल्या. तू ती माती कोटाच्या खिशात घातलीस आणि गाडीकडे गेलास. खिशात, टोबियास. खाली पुरलंय ते दालमास नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण माती दुसरीकडे टाकायची आहे, असा हात फक्त तुझा वळला.

तो कुठं आहे, हे मी तुला विचारणार नाही. अशिलानं सांगितलेलं वकिलानं मरेपर्यंत पोटात ठेवायचं, हे तुझी पुस्तकं घरी होती तेव्हाच मी वाचलंय. पुढं हेही वाचलंय की गुपित वकिलाचं नसतं, अशिलाचं असतं. त्यानं मोकळं केलं तर वकीलही मोकळा. आणि सुटलेल्याला त्याच खुनासाठी पुन्हा उभं करत नाहीत.

म्हणून लिहितोय. त्याच्याकडे जा. त्याची परवानगी माग, तीही एवढ्यापुरतीच: सरोवरात की जमिनीत. काकूला आता न्यायही नकोय. परवा तिनं ताटातला मासा बाजूला सारला आणि म्हणाली, “यानं काय खाल्लं असेल, कुणाला ठाऊक.” तो नाही म्हणाला तर तसं कळव, मी लादी घालीन. तोवर थडग्यावर नुसता पत्रा टाकून ठेवलाय.

तुझाच थोरला,
ओगोला