सातनंतर फोन बंद

जळगाव
६ मे २०२५

प्रिय अक्कास,
दिपमालाचा नमस्कार. इथे ऊन मरणाचं आहे, बाकी सगळे ठीक. सासूबाईंचा खोकला कमी झाला. भाऊजींची शुगर तपासून घेतली का? त्यांना आंबा मोजून देत जा.

सकाळी फोनवर मी एवढंच म्हणाले, की पुनमला घराबाहेर सोडू नकोस. तू "का गं?" विचारलंस आणि मी विषय बदलला. तुझा फोन कायम स्पीकरवर आणि पुनम शेजारी. म्हणून हे पत्र ऑफिसातल्या समाधानच्या हाती दुपारच्या गाडीने पाठवते आहे. एकटीच वाच.

मार्चमध्ये मी ऑफिसात पाटी लावली, ते तुला सांगितलं होतं. सायंकाळी सातनंतर पक्षकारांचे फोन, मेसेज बंद. तूच किती दिवस मागे लागली होतीस, की जेवताना तरी फोन ठेव म्हणून. लोकांनी समजून घेतलं. एक म्हातारे बाबा तर म्हणाले, "बरं केलं बाई, तुम्हालाबी घर शे."

एकाला मात्र ते पटलं नाही. पक्षकाराचं नाव बाहेर सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही, पण तुला तो ओळखता यायला हवा. योगेंद्र. ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. चाळिशीचा, उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज अगदी मऊ. बायको ज्योत्स्ना घर सोडून गेली, तिने घटस्फोट मागितला, आणि याला ती परत हवी आहे. मी त्याच्या बाजूने उभी होते. कोर्टात हात जोडून बसायचा, मला बिचाऱ्याची दया यायची.

पाटी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन चालू केला तर त्याचे मेसेज. शिवी नाही, तक्रार नाही. "ताई, जेवलात का?" "ताई, आज भाजी उशिरा टाकली वाटतं, फोडणीचा वास रस्त्यापर्यंत आला."

अक्का, ते वाचून मी गॅलरीचं दार लावून घेतलं. ह्यांना काही बोलले नाही. म्हटलं, माणूस एकटा पडलाय, बोलायला कोणी नाही.

मग एका संध्याकाळी मी घरी आले तर सासूबाई खुशीत. तो येऊन गेला होता. त्यांच्या कुंड्यांना नळी बसवून दिली, चहा घेतला, भिंतीवरचे फोटो बघत कोण कोणाचं ते विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मानूस चांगला शे." दुसऱ्या दिवशी मी त्याला ऑफिसात बोलावलं. माझी ज्युनिअर किरण समोर होती. म्हटलं, "योगेंद्रभाऊ, घरी यायचं नाही. काम असेल ते इथे, वेळेत." तो हसला. "ताई, तुम्ही माझ्याच आहात ना? आपल्या माणसाला वेळ असते का?"

त्याच आठवड्यात मी पुनमला तुझ्याकडे पाठवलं. सुट्टीत मावशीकडे राहायचा तिचा हट्ट आहे, असं तुला सांगितलं. तिचा हट्ट नव्हता. ती क्लासवरून येताना तो रोज कोपऱ्यावर उभा असायचा. तिला म्हणायचा, "बेटा, मम्मीला सांग, फोन चालू ठेव."

मी त्याची केस सोडली, वकीलपत्र काढून घेतलं. कोर्टाबाहेर ज्योत्स्ना भेटली. विरुद्ध बाजूची, तिने माझ्याशी बोलायचं काही कारण नव्हतं. तरी जवळ आली आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुम्हीपण आता खिडक्या लावून स्वयंपाक करता का?" ती म्हणाली, "मी दोन गावं बदलली. तो रागावत नाही हो. नुसता येतो."

काल तो फाइल न्यायला आला. पाया पडला. जाताना म्हणाला, "पुनमला दोंडाईचा मानवलं ना, ताई?"

ती तुझ्याकडे आहे हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, अक्का. किरणलासुद्धा नाही.

पोलिसांत गेले. साहेब म्हणाले, "यात धमकी कुठे आहे? विचारपूसच केली आहे." मी वकील असून तिथे माझा आवाज चढला. किरणने सगळं ऐकलं होतं, तिने ठामपणे सांगितलं तेव्हा तक्रार घेतली. आज माझा जबाब आहे. पण सकाळी कळलं, की त्याचं दुकान बंद आहे. शेजारचा म्हणतो, शिंदखेड्याकडे, म्हणजे तुमच्याच बाजूला, लग्नाला गेला.

जबाब झाला की मी आणि हे संध्याकाळच्या गाडीने निघतो. तोवर भाऊजींना दुकानावर जाऊ देऊ नकोस. तुमच्या ठाण्यावरही कळवलं आहे, कोणी येतं की नाही देव जाणे. पुनमला खरं सांग. रडली तर रडू दे, पण तिला माहीत असू दे.

तो आरडाओरडा करणार नाही. हातात काहीतरी घेऊन येईल, तुला अक्का म्हणेल, भाऊजींच्या शुगरची चौकशी करील. मी पाठवलंय म्हणून सांगेल. माझं नाव घेऊन कोणी आलं, तर मुळीच उघडू नकोस.

तुझीच,
दिपा