अकरावी कुंडी

३ तारीख, सकाळ
बायको दहा दिवस बहिणीकडे गेली. गॅलरीतल्या अकरा कुंड्यांसाठी शेजारच्या काकूंना किल्ली देते म्हणत होती. घरात शास्त्रज्ञ असताना! पिकतं तिथे विकत नाही. मी स्वयंचलित यंत्राचा शब्द दिला. तिनेही दिला: एक जरी झाड सुकलं तर माझं गॅलरीतलं टेबल पसाऱ्यासकट भंगारात. पसारा! अठरा वर्षांचं संशोधन आहे ते.

४ तारीख
यंत्र तयार. स्टुलावर झाकणाची बादली, तिच्यातून नळ्या, नळ्यांवर कपड्यांचा चिमटा. सहाला गजर वाजला की घड्याळाची चावी फिरते, तिला बांधलेला दोरा चिमटा ओढतो. पाणी सुरू. बंद कसं होणार हे किरकोळ.

५ तारीख, स. ६.२०
चाललं! थांबलं नाही. खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुतल्या गेल्या. आभार कुणी मानले नाहीत. शिवाय गजराने झोपमोड झाली अशी काकूंची तक्रार. घड्याळ लोकरी मोज्यात घट्ट बांधलं. आवाज बंद. बादली पुन्हा काठोकाठ.

६ तारीख, संध्याकाळ
ऑफिसातून आलो तर दहाही कुंड्या ओल्या, चिमटा जागच्या जागी. म्हणजे पाणी घालून आपणहून बंदही झालं! हे आराखड्यात नव्हतं. यंत्र शिकतंय.
अकरावी कुंडी तुलनेसाठी नळीविना ठेवली आहे. ती सुकणार. शास्त्रात त्याग लागतो. बायकोला नंतर समजावेन.

८ तारीख
अकरावीला नवं पान. यंत्राच्या सान्निध्याचा परिणाम असावा.

९ तारीख
झाकण उघडलं. बादली काठोकाठच. पाण्याची बचत शंभर टक्के! साहेबांना सांगितलं. ते आठवडाभर दौऱ्यावर निघालेत, घरी सोळा कुंड्या. जाऊन यंत्र बसवून आलो, मोज्यासकट. बायकोला फोनवर सांगितलं तर बराच वेळ हसली. कौतुकाने.

१३ तारीख
बायको परतली. यंत्र दाखवत होतो, तेवढ्यात काकू आमची किल्ली परत द्यायला आल्या. मी ऑफिसला गेलो की रोज येऊन पाणी घालत होत्या. मोजा त्यांनीच सोडून दाखवला: आत चावी फिरायला जागाच नाही. फार वाईट वाटलं. चहा काकूंना आधी मिळाला.
तरी झाड एकही सुकलं नाही. शब्दाप्रमाणे टेबल वाचलं.

१६ तारीख
साहेब परतले. त्यांच्या शेजारी काकू नाहीत.

१९ तारीख
टेबलावर सोळा नव्या कुंड्या. रोपं वाढवून साहेबांना द्यायची आहेत. जागा हवी म्हणून संशोधन भंगारात गेलं. रोज सहाला उठून मगाने पाणी घालतो. गजराला मोजा नाही.