जाहिरातीतला शेवटचा शब्द

आई, शमें ग्रेनिए गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात तू अजून उभी आहेस. दुकानातून खारा मासा बांधून आलेला कालचा पेपर तू हातानं सपाट करते आहेस, शिलाई मशीनच्या चित्रावर बोट ठेवून विचारते आहेस, "काय लिहिलंय गं?" मी पंधरा वर्षांची, घरात इंग्रजी वाचणारी एकटीच. जाहिरात नव्या कपड्यांच्या फॅक्टरीची होती: 'सोइंग मशीन ऑपरेटर ट्रेनीज'. त्याच आठवड्यात बाईंनी शिकवलं होतं, इंग्रजीत नामांची अशी रांग लागली की खरं नाम शेवटचं. आधीची सगळी त्याचं वर्णन करतात. म्हणजे त्यांना शिकाऊ बायका हव्या होत्या. तुझ्यासारख्या, दिवसभर उसात निंदणी करून संध्याकाळी हातमशीनवर शेजारणींचे झंपर शिवणाऱ्या. पण फॅक्टरी माझ्या कॉलेजच्या, म्हणजे आमच्याकडच्या माध्यमिक शाळेच्या, समोरच होती, आणि माझ्या मैत्रिणी तिथल्या बायकांना हसायच्या. मी शेवटचा शब्द गिळला. म्हणाले, "ऑपरेटर पाहिजेत. विजेचं मशीन आधी चालवलेल्या."

"तो सीर?" तू क्रेओलमध्ये विचारलंस, नक्की ना म्हणून. मी चिडले. "इंग्रजी तू शिकतेस की मी?" तू जरा ओशाळून हसलीस आणि कागद चुलीत घातलास.

त्याच वर्षी उसाच्या कापणीत तुम्हा मजूर बायकांची लॉरी वळणावर उलटली. बाकीच्या लंगडत का होईना, घरी आल्या. महिन्याभरानं मी रस्ता ओलांडून फॅक्टरीच्या फाटकाशी गेले आणि तिथल्या बाईला विचारलं, नुसतं हातमशीन येणारी चालली असती का? "आल्या तेवढ्या सगळ्या घेतल्या," ती म्हणाली. "का, तुझी कोण यायची होती?" मी म्हटलं, कुणी नाही.

आता इंग्रजी मीच शिकवते. दर वर्षी तो धडा येतो, मुली पेपरातल्या जाहिराती कापून आणतात, शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढतात. एखादी मागच्या बाकावरून "तो सीर, मिस?" म्हणते, आणि मला फळ्याकडून मागं वळायचा धीर होत नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. बाबा फार थकलेत. तुझा विषय निघाला की म्हणतात, "तिलाच फॅक्टरी नको होती." मी त्यांचा चहा गाळत असते. मी हो म्हणते.