पुतणीचं लग्न आणि डुकरांची गाडी

वुहान, १० जानेवारी १९६५

चि. चांग-शी यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आईचा खोकला कमी झाला.

तुझ्या शू-छिनच्या लग्नाला हाँगकाँगला यायचा परवाना हातात पडला, आणि मी तो परत केला. रागावशील, म्हणून कारण सरळ लिहितो. नववर्षाच्या सणाआधी हाँगकाँगला डुकरं नेणाऱ्या गाड्यांवर माणूस कमी आहे. माझा जोडीदार तापानं आडवा झाला. डुकरांसोबत डब्यात राहायचं, पाणी पाजायचं, गाडी हिसकली की एकमेकांना चावू द्यायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही. मी डुकरांकडूनच शिकलो.

मागे तू टोमणा मारलास, की आम्ही इथे कुपनावर मांस खातो आणि इंग्रजांना लठ्ठ डुकरं धाडतो. बाबा रे, तिथे इंग्रज किती आणि आपली माणसं किती? सरकारचं धोरण मला पटलंय. हाँगकाँग आज त्यांच्या ताब्यात आहे तर असो. आपल्या माणसाच्या वाडग्यात ताजं मांस पडलंच पाहिजे. गाडी पुरातही सुटते.

मी हद्दीवर शेनझेनला उतरेन, सोबत्याला पलीकडे सोडत नाहीत; डुकरं लग्नाच्या सकाळी पुढे तुमच्याकडे येतील. लेकीला आशीर्वाद.

तुझा थोरला,
चांग-केंग

काउलून, २७ जानेवारी १९६५

ती. दादांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी घरात म्हणालो, दादांना पुतणीपेक्षा डुकरं जवळची. शू-छिननं मान वर केली नाही. थोरल्यांना चहा दिल्याशिवाय नवरीचं लग्न पुरं होत नाही, आणि येऊ शकणारं थोरलं माणूस तुम्हीच होतात.

काल, लग्नाच्या सकाळी, ती लाल झग्यातच माझ्याबरोबर, मी दुकानासाठी डुकरं घेतो त्या मालाच्या फलाटावर आली. हमालांनी विचारलं, खाटीकदादा, जावई डब्यातून येतोय काय? डुकरं उतरली. एका डब्याच्या कोपऱ्यात गवताचा बिछाना होता, आपल्या बाबांनी शिकवलेल्या गाठीनं बांधलेला, म्हणजे तुमचाच. शू-छिननं त्यापुढे गुडघे टेकले, दोन्ही हातांनी पेला धरला.

"काका, चहा घ्या."

हमालांनी टोप्या काढल्या.

राग गेला. लोभ आहेच, तो वाढवा.

तुमचा धाकटा,
चांग-शी

वुहान, ९ फेब्रुवारी १९६५

चि. चांग-शी यास आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवत होतो. चहापाशी आलो आणि पुढचं शेजाऱ्याला वाचावं लागलं. चहा पोचला, म्हणून पोरीला सांग.

एक मात्र तू लिहिलंच नाहीस. गाडीनं हद्दीचा पूल ओलांडण्याआधी मी प्रत्येक डुक्कर घासून धुतलं होतं. उतरताना अंगावर एक तरी ओरखडा दिसला का? उलट टपाली कळव.

चांग-केंग