चष्मा यायच्या आत

४ डिसेंबर
सासूबाई कंटाळल्या! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नवीन चष्मा येईपर्यंत वाचायला मनाई. म्हणून रोज दुपारी मी कादंबरी वाचून दाखवते. आज अर्ध्यातच त्यांनी हातानं थांबवलं— "बस कर वं. हा बाप पहिल्या पानावर होता तसाच हाय. ठेवून दे."

खरंच आहे. पोरीनं मनासारखं लग्न केलं, बापानं दार लावलं, आणि लेखकही तिथेच बसून राहिलाय.

आमच्या घरी तरी वेगळं काय? नणंदेनं, आचलनं, आंजी गावच्या मुलाशी मनानंच लग्न केलं तेव्हापासून सासूबाई तिचं नाव घेत नाहीत. तिचं नाव कोरलेला स्टीलचा पेलासुद्धा माळ्यावर टाकलाय.

५ डिसेंबर
काय करून बसले मी! पुस्तक समोर धरलं आणि मनचंच वाचलं. बाप रडला, पोरीला घरी घेऊन आला. सासूबाई भडकल्या— "एका दिवसात? असा कुठं माणूस बदलत असते?"

घाबरून म्हटलं, आई, पुढं लिहिलंय— ते बापाचं स्वप्न होतं!

८ डिसेंबर
आता हळूहळू नेतेय त्याला. आज त्यानं बाजारात पोरीच्या आवडीची बोरं घेतली. घरी नेली नाहीत, वाटेतच वाटून टाकली. सासूबाई जरा पुढं सरकल्या. मग— "पुढं?" मला स्वयंपाकाला उठू देईनात.

१३ डिसेंबर
"त्यानं तिले फोन केला का नाई?" सकाळी, चहाच्या आधी!

१७ डिसेंबर
धीरज दुकानातून येताना चष्मा घेऊन आला. वर म्हणतो, "आई, आता तूच वाचजो. रक्षा सुटली." सुटली कसली! नवऱ्याला काय माहीत!

पुस्तकातला बाप शेवटपर्यंत दार उघडत नाही. लपवावं तर लगेच विचारतील. वाचलं तर म्हणतील, सुनेनं मला बनवलं. मग या घरात आचलचा विषय कायमचा संपला. कशाला केला हा शहाणपणा?

१८ डिसेंबर
वाचताहेत. एकट्याच. जेवण झालं की परत पुस्तक.

१९ डिसेंबर
पुस्तक माझ्या हातात दिलं. "लिहिणाऱ्याले जमलं नाई. तू सांगितला तो बाप बरा होता." बस, एवढंच.

पाणी प्यायला गेले. माठापाशी आचलचा पेला— घासून पालथा घातलेला.