कॅमेरा बंद, म्हणून गैरहजर

प्रिय प्रियदर्शिनी,

मराठी वाचायला तुला जड जातं, तरी हे पत्र जावई रितेशरावांकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर अक्षर लावत स्वतः वाच. मला तुझा राग आलाय आणि तो दुसऱ्याच्या तोंडून तुला कळायला नको.

शिक्षण सुटलेल्या, नोकरी नसलेल्या लोकांसाठी तू ऑनलाइन कोर्स आखलास, तेव्हा मी अंबरपेठभर सांगत सुटले होते. त्याच्या व्हिडिओत तू म्हणतेस, 'घरी रिकाम्या असलेल्या मावश्यांनो, अकरा वाजता या.' अकराच का, तर तेव्हा बायका मोकळ्या असतात म्हणे! कुणाला विचारलंस गं? अकराला तुझा तेजस माझ्या मांडीवर असतो. डाळीच्या पप्पू-भाताच्या प्रत्येक घासाला 'नक्को, नानी' करतो आणि ताटली संपेपर्यंत माझी पाठ भरून येते. तू त्याला सकाळी उंबऱ्यातच माझ्या हातात देतेस आणि पळतेस, बायकांना शिकवायला!

तारनाक्याला युनिव्हर्सिटीत मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा तुझा जन्म झाला. परीक्षा पुढच्या वर्षी दे, असं तुझे बाबा म्हणाले. ते पुढचं वर्ष आलंच नाही. तुला वाढवल्याचा पस्तावा मला कधीच झाला नाही, पण माझ्यात जिद्द नव्हती असं कुणी म्हणायचं नाही. तू तर मुळीच नाही.

आणि तेच तू म्हणालीस. परवा फोनवर तुझा मेल आला. 'प्रिय कमलताई, तुम्ही सतत गैरहजर असता. थोडी जिद्द दाखवा, नाहीतर नाव कमी करावं लागेल.' खाली तुझं नाव. नाव नोंदवताना मी माहेरचं आडनाव लावलं होतं, म्हणून ही कमल म्हणजे तुझी आई, हे तुला कळलं नाही. तुझ्या वर्गात मीच बसत होते. पास होऊन तुला चकित करायचं होतं, वेडी मी! एकही तास चुकवला नाही. फक्त कॅमेरा बंद ठेवायचे, मांडीवरचं पोर तू ओळखशील म्हणून. आणि कॅमेरा बंद असेल तर गैरहजर धरायचं, हा नियम तुझाच.

माझं नाव कमी करायचं नाही, एवढं सांगायला हे लिहिलं. सोमवारी अकराला मी कॅमेरा लावून बसणार आहे. तेजसला तेव्हा कोण सांभाळणार, ते तुम्ही दोघं आधी ठरवा. नाही ठरवलंत, तर तो माझ्या मांडीवर साऱ्या वर्गाला दिसेल आणि कुणाचा, हेही मी सांगेन.

तुझीच रिकामी मावशी,
कमलताई